बॅसिल्डनच्या पोरांचं कीर्तन

आपल्या पोरीने, ज्ञानेश्वरीने, एकदा तरी आपल्या मंडळाच्या गादीवर उभं राहून कीर्तन करावं, एवढंच हौसेराव जगदाळ्यांनी देवाकडे मागितलं होतं. आणि देवाने ते मागणं सयाजीबुवांकडे वर्ग केलं होतं.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं ते भजनी मंडळ. पत्र्याचं देऊळ, पुढे शेड, आणि दर पौषात सात दिवसांचा हरिनाम सप्ता. सातारा, कोरेगाव, पाटणकडची माणसं दिवसभर मार्केटात पोती वाहायची आणि संध्याकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून टाळ गळ्यात घालायची. गादीवर बाईने उभं राहू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त आजवर कुणी बाई उभी राहिली नव्हती, आणि कुणी उभी राहावी असं सयाजीबुवांनी कधी म्हटलं नव्हतं. बुवांनी म्हटलं नाही म्हणजे ते नाही, हा तिथला कायदा.

सयाजीबुवा सत्तरीचे. मार्केट मस्जिद बंदरला होतं तेव्हापासून त्यांनी पाठीवर धान्य वाहिलं, आणि तितकीच वर्षं कीर्तन केलं. माणूस वाईट नव्हता, पण हलायचा नाही. हौसेरावांनी तीन वर्षं विचारलं. तिसऱ्या वर्षी बुवा म्हणाले, "हौसेराव, पोरीचा गळा गोड हाय, मला ठावं हाय. पर गाणं येगळं आन् सभा धरनं येगळं. समोर दोनशे मानसं. त्यातली निम्मी दिवसभर वझी वाहून आल्याली, बसल्या जागी डुलणारी. त्यास्नी दोन तास धरून ठेवायचं. धरंल का?"

"धरंल की, बुवा."

"मग दाव मला. एकदा सभा धरून दाव. सप्त्याचा तिसरा दिवस मोकळा ठेवतो. न्हाय धरली तर पुन्यांदा इचारायचं न्हाय."

हौसेराव घरी आले ते हवेत चालतच. पण सभा आणायची कुठून? तेवढ्यात त्यांच्या बायकोने, वेणूबाईंनी, भाकरी थापता थापता सांगितलं, "तिच्या कालेजात येत्या शनवारी वादविवाद हाय म्हनं. तिचं नाव घातलंय."

ज्ञानेश्वरी वाशीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. हौसेरावांनी तिला सहज म्हणून विचारलं, "कशावर हाय गं वाद?"

ती पंजाबी ड्रेसला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "संगीतातल्या दोन घराण्यांचा वाद आहे, अण्णा. एक घराणं म्हणतं, हाताने, घाम गाळून वाजवलं तेच खरं. दुसरं म्हणतं, वाद्य कुठलंही असो, गाण्यात जीव पाहिजे."

"आन् तू कुठल्या बाजूनं?"

"मला चिठ्ठीत दुसरी बाजू आलीय."

इथे हौसेरावांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण ज्या माणसाने आयुष्यभर फक्त कीर्तनच ऐकलं, त्याच्या डोक्यात घराणी म्हणजे दोनच. एक आपलं वारकरी, नुसत्या टाळमृदंगाचं. आणि दुसरं ते नारदीय, पेटीतबल्याचं, रागदारीचं. गाण्यात जीव पाहिजे म्हणणारं ते आपलंच, असं हौसेरावांनी मनात गणित सोडवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला जाताना बुवांच्या दारात उभं राहून सांगितलं, "बुवा, शनवारी पोरगी आपल्या संप्रदायाची बाजू मांडणार हाय. भर कालेजात. नारदीयवाल्यांसंगं वाद हाय."

बुवांनी कानटोपी वर सरकवली. "वारकऱ्यांच्या बाजूनं? मग यायलाच पायजे."

ज्ञानेश्वरीला हे मुद्दामच सांगितलं नाही. उगाच पोरीला टेन्शन कशाला.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या फाटकातून आठ माणसं आत शिरली. पुढे सयाजीबुवा, धोतर, काळा कोट आणि उपरणं. मागे हौसेराव आणि त्यांच्या टोळीतले सहाजण, इस्त्रीच्या पांढऱ्या टोप्या घालून. एकाच मुकादमाच्या हाताखाली वर्षानुवर्षं पोती वाहणारी ही टोळी; मार्केटातही एकत्र आणि भजनातही. त्यातला पोपट पिशवी छातीशी धरून होता.

"पोपट, पिशवीत काय रं?"

"टाळ."

"वाद हाय तिथं. टाळ कशाला?"

"वाद काय संपंलच की कवातरी. मग गजर कराय नको?"

हॉलमध्ये जीन्स घातलेली पोरंपोरी खच्चून बसली होती. ही आठ माणसं तिसऱ्या रांगेत बसली तेव्हा सगळ्या माना वळल्या. स्टेजच्या कडेला बसलेल्या ज्ञानेश्वरीने त्यांना पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. हौसेरावांना वाटलं, आनंदाने.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइकवर फुंकर मारली. "तर मित्रांनो, आजचा विषय तुम्हीच मतदानाने निवडलेला. ऐंशीच्या दशकाचा खरा आवाज कुणाचा? रॉक बँडचा, की सिंथपॉपचा?"

शिट्ट्या पडल्या. ती पुढे म्हणाली, "ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रम, चारपाच जणांनी हाताने वाजवलेलं. सिंथपॉप म्हणजे सिंथेसायझर, विजेवर चालणारी पेटी. त्यात कुठलाही आवाज निघतो, आणि ठेकासुद्धा यंत्रच धरतं. रॉकच्या बाजूने प्रणय, सिंथपॉपच्या बाजूने ज्ञानेश्वरी!"

बुवांनी सावकाश मान वळवली. "हौसेराव, ही कुठली घरानी?"

हौसेरावांनी टोपी सारखी केली. "इंग्रजी असावीत, बुवा."

"आन् आपली पोरगी इजेच्या पेटीच्या बाजूनं?"

"चिट्टीत आलं तिला."

बुवांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसले. उठले असते तर बरं झालं असतं असं हौसेरावांना वाटून गेलं. सप्त्याचा तिसरा दिवस त्यांना डोळ्यांसमोर हातातून निसटताना दिसत होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला होता.

प्रणय आधी बोलायला उठला. दिवाळे गावचा, खाडीकाठचा पोरगा. सावळा, उंच, खांद्यापर्यंत केस. माइक असा धरला की जणू जन्मताच हातात दिला होता.

"मी स्वतः गिटार वाजवतो," तो म्हणाला. "हे बघा." त्याने डाव्या हाताची बोटं सभेला दाखवली. "बोटांना घट्टे आहेत. तारेने पडलेत. डायर स्ट्रेट्सचा गिटारवाला तार छेडायला नखीसुद्धा वापरत नाही, नुसत्या बोटांनी वाजवतो. ऐकताना कळतं, इथे माणूस आहे. व्हॅन हेलन ऐका, क्वीन ऐका. चार जणं एकमेकांकडे बघत वाजवतात. एक चुकला तर तिघं सांभाळून घेतात. आणि यांचे पेट शॉप बॉईज? दोघं. एक गातो, दुसरा बटणं दाबतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो! घाम नाही, घट्टा नाही. आमच्या घरी मिक्सरपण एका बटणावर चालतो, म्हणून आई काय त्याला गायक म्हणत नाही!"

हॉल हसून फुटला. पोपट मांडीवर थाप मारून म्हणाला, "पोरगं ब्येस बोलतंय." हौसेरावांनी त्याला कोपर मारलं.

पण प्रणय तिथे थांबला नाही. त्याचा आवाज खाली आला. "आता हसण्याचं सोडा. माझे आजोबा मिठागरात होते. मिठागर गेलं, बाबा न्हावा शेव्याला लागले. तिथे शंभर माणसं दिवसभर उतरवतील तो माल एक क्रेन चहा पिऊन होईस्तोवर उतरवते. बाबा सांगतात, माणसं कमी कमी होत गेली. सिंथेसायझर म्हणजे तीच क्रेन. चार वादक घरी बसवले आणि एक यंत्र आणलं. माझ्या मैत्रिणीचे बाबा मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. उद्या तिथे पोती वाहायला यंत्र आलं, तर ज्ञानेश्वरी तेव्हाही टाळ्या वाजवणार का?"

तिसऱ्या रांगेतल्या सहा टोप्या एकदम ताठ झाल्या. मार्केटात हेच बोलणं गेलं वर्षभर चाललं होतं, विडी ओढताना, डबा खाताना. हौसेरावांना आतून वाटलं, पोरगा खरं बोलतोय. आणि आपली पोरगी त्याच्या विरुद्ध उभी आहे. बापाच्या पाठीविरुद्ध.

ज्ञानेश्वरी उठली. माइकपाशी आली. डोळे मिटले, हात जोडले, डोळे उघडले. हे कुठे पाहिलंय, हौसेरावांना वाटलं. मग कळलं. बुवा गादीवर उभे राहिले की असंच करतात.

"प्रणयच्या बोटांना घट्टे आहेत," तिने सुरुवात केली, "मी त्या घट्ट्यांना नमस्कार करते. माझ्या वडिलांच्या मानेवर घट्टा आहे. पण अण्णांनी मला एक गोष्ट शिकवलीय. जो ओरडत, दात खात पोतं उचलतो ना, तो नवखा असतो. मुरलेला माणूस पोतं उचलतो तेव्हा त्याच्या तोंडावर काही दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हलकंच असेल. म्हणून स्टेजवर जो स्थिर उभा आहे तो काही करतच नाही, असं म्हणायची घाई करू नका."

पोपटने हौसेरावांकडे पाहिलं. "आयला, खरं हाय."

"आता क्वीन. थोर मंडळी. सत्तरच्या दशकात हे आपल्या रेकॉर्डच्या पाकिटावर छापायचे, 'यात सिंथेसायझर वापरलेला नाही.' केवढं सोवळं! आणि ऐंशी साल उजाडलं तेव्हा त्यांनीच आपल्या हातांनी सिंथेसायझर घरात आणला. आणि व्हॅन हेलन? चौऱ्याऐंशी साली त्यांचं जे गाणं सगळ्या जगात वाजलं, ते कशाने सुरू होतं, प्रणय?"

प्रणय हसत कपाळाला हात लावून बसला. मागून कुणीतरी ओरडलं, "कीबोर्डने!"

"तेव्हा हे सोवळं यजमानांनीच मोडलंय, मी नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे." तिचा आवाज बदलला. आता ती सांगू लागली. "लंडन फार भरलं. राहायला जागा नाही. मग सरकारने ठरवलं, जवळच माळरानावर एक नवं शहर वसवायचं. नकाशा काढला, रस्ते आखले, एकसारखी घरं बांधली आणि लोकांना सांगितलं, जा तिकडे राहायला. ओळखीची वाटते ना गोष्ट? त्या शहराचं नाव बॅसिल्डन. नव्या शहरात सगळं असतं. सेक्टर असतात, पाण्याची टाकी असते. एकच नसतं. कुणी आपल्याला विचारत नाही. लंडनवाले विचारतात, बॅसिल्डन? ते कुठे आलं? आपल्याला नाही का दादरचे लोक विचारत, कोपरखैरणे? ते महाराष्ट्रात आहे ना?"

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदम उठल्या. सगळेच नव्या शहरातले; वाशीचे, नेरूळचे, बेलापूरचे. प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी असं विचारलेलं होतं.

"त्या बॅसिल्डनमधली साध्या घरची पोरं. ड्रमचा सेट ठेवायला घरात जागा नाही. वाजवला तर शेजारी दार ठोठावणार. मग त्यांनी ही विजेची पेटी घेतली. कानाला हेडफोन लावून घरात बसायचं, कुणाला त्रास नाही. कार्यक्रमाला जायचं तर पेटी बगलेत मारून रेल्वेने. त्यांचं नाव डिपेश मोड. ऐंशीचं दशक संपायच्या आधी याच पोरांनी अमेरिकेत साठ हजार माणसांचं मैदान भरवलं. साठ हजार माणसं, समोर चार पोरं. तिथे ड्रमचा सेट नव्हता, तरी सभा उठून गेली नाही."

'सभा' म्हणताच हौसेरावांनी चोरून डावीकडे पाहिलं. बुवा तसेच बसले होते. चेहऱ्यावर काहीच नाही. मुरलेला माणूस.

"आता प्रणयचा खरा प्रश्न." ती प्रणयकडे वळली. "तो मी टाळणार नाही. तुझ्या बाबांच्या हातचं काम क्रेनने घेतलं, ते वाईटच झालं. उद्या माझ्या वडिलांच्या जागी यंत्र आणलं तर मी टाळ्या वाजवणार नाही, मी मोर्चात पहिल्या रांगेत असेन. आत असलेल्या माणसाला जे यंत्र बाहेर काढतं, त्याच्या बाजूने मी नाही. पण बॅसिल्डनची पोरं आत कधी होती? त्यांना सगळ्यांनी दारातच उभं ठेवलं होतं. त्या पेटीने कुणाला बाहेर नाही काढलं, बाहेर राहिलेल्यांना आत घेतलं. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका."

तिने श्वास घेतला.

"आमच्या वसाहतीत सप्ता असतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. दोन दोन तासांचे पहारे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. तार तीच, सूर तोच, तसूभर बदलत नाही. विणेकऱ्याला कुणी म्हणत नाही, तू नवीन काय वाजवलंस? कारण तो एक सूर ढळत नाही म्हणून तर गाणाऱ्याला मोकळं होता येतं. यंत्राचा ठेका म्हणजे ती वीणा. तो हलत नाही. त्याच्यावर माणसाचा आवाज कापतो, ते ऐकायचं असतं.

"आणि पाच वर्षांपूर्वी, सप्त्याच्या पाचव्या दिवशी, ऐन कीर्तनात पखवाजाची पुडी फाटली. दुसरा पखवाज नाही. सगळे थांबले. तेव्हा माझे वडील उठले. स्वयंपाकाच्या मांडवात तेलाचा रिकामा डबा पडला होता, पंधरा किलोचा. तो त्यांनी मांडीवर घेतला आणि ठेका धरला. काही लोक हसले. पण गादीवर जे बुवा होते, ते हसले नाहीत. मी पुढेच बसले होते, मला त्यांचे शब्द पाठ आहेत. ते म्हणाले, 'वाद्य कसलं का असेना, धरणाऱ्याचं मन खरं पायजे. डब्याला नावं ठेवाल तर देव तुमच्याकडं बघायचा न्हाय.' आणि पुढचा तासभर त्या डब्यावर असं कीर्तन रंगलं, की अजून लोक त्या वर्षाला डब्याचा सप्ता म्हणतात."

हौसेरावांना समोरचं दिसेनासं झालं. त्या डब्याचं त्यांनी स्वतः लाजून कधी नाव काढलं नव्हतं. आपण एका तालात चुकलो होतो तेवढंच त्यांच्या लक्षात होतं. आणि ही पोर तो डबा पाच वर्षं जपून, आज साहेबलोकांच्या सभेत, इंग्लंडच्या पोरांशेजारी मांडत होती.

"म्हणून मी विचारते," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि सवयीने, अगदी नकळत, तिचा उजवा हात वर गेला.

कीर्तनकाराचा हात वर गेला की टाळकऱ्यांनी उचलायचं असतं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. ते हातांनाच ठाऊक असतं. हौसेरावांच्या टाळीचा पहिला ठोका पडला आणि त्यावर सहा जोडी हात पडले. पोपटचा टाळ पिशवीतून कधी बाहेर आला ते पोपटलाही कळलं नाही. हॉलमधल्या पोरांना वाटलं, हे ठरवूनच आहे. त्यांनीही ठेका उचलला. चारशे हात एका तालात पडू लागले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि माइकसमोर ज्ञानेश्वरी हात वर करून उभी राहिली, आधी घाबरलेली आणि मग हसणारी.

परीक्षकांनी घंटा बडवली. तीनदा बडवली तेव्हा कुठे ती ऐकू गेली.

"ही वादविवाद स्पर्धा आहे," परीक्षक बाई कडक आवाजात म्हणाल्या. "स्पर्धकाने प्रेक्षकांतून साथ आणायची नसते."

निकाल लागला. प्रणय पहिला, ज्ञानेश्वरी दुसरी. फरक दीड गुणांचा. आणि प्रेक्षकांकडून वाद्याची साथ घेतल्याबद्दल तिचे दोन गुण कापले होते.

"दोन गुन," पोपट पिशवीत टाळ कोंबत पुटपुटला. "माझ्या टाळानं गेलं."

"माझ्या टाळीनं गेलं," हौसेराव म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ज्ञानेश्वरी आली तेव्हा हौसेरावांना तिच्याकडे बघवेना. ते तिच्या चपलांकडे बघत म्हणाले, "चुकी झाली, बाय. हात ऐकत न्हाईत."

"अहो अण्णा, हात माझाच आधी वर गेला!" ती हसत होती, डोळे मात्र भरलेले. "तुम्ही सांगितलं का नाहीत येणार म्हणून? आणि बुवांनापण घेऊन आलात!"

प्रणय ढाल काखेत मारून आला. हौसेरावांना वाकून नमस्कार केला. "काका, मनावर घेऊ नका. खरं तर आज हिचीच सभा होती. पण डायर स्ट्रेट्स ते डायर स्ट्रेट्स, हे मी मरेपर्यंत सोडणार नाही."

"सोडू नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. "बोटं सोलवून घे."

"तू वायर लाव आणि देवाचं नाव घे."

दोघं पुन्हा भांडायला लागले. क्वीनचा गाणारा मोठा की डिपेश मोडचा, याच्यावर. हौसेरावांना एक अक्षर कळलं नाही, पण ऐकायला गोड वाटत होतं.

मग मागून काठी वाजली. सयाजीबुवा. सगळे बाजूला झाले.

"हौसेराव," बुवा म्हणाले, "तू मला म्हनला हुतास, वारकऱ्यांची बाजू मांडनार हाय."

"माजी चूक झाली, बुवा. मी नीट इचारलंच न्हाय. मला वाटलं..."

"गप ऱ्हा. मला साखर हाय, तुला ठावं हाय. अर्ध्या घंट्याला उठावं लागतं. माज्या सोताच्या कीर्तनात म्या तीनदा उठतो." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आज उठलो न्हाय. ध्यानातच आलं न्हाय. आता मातर घाईची लागलीया, कुठं हाय ते दावा."

प्रणय धावत त्यांना घेऊन गेला. हौसेराव भिंतीला टेकून उभे राहिले. काय झालं ते त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं.

बुवा परत आले ते थेट ज्ञानेश्वरीपुढे थांबले. "पोरी, माजंच बोलनं माज्याम्होरं ठेवलंस. डब्याला आत घेतलं आन् तुला दारात उबं केलं, आसंच म्हनायचं हुतं न्हवं तुला?"

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. "मी तुमचं नाव नाही घेतलं, बुवा."

"घ्यायला पायजे हुतंस," बुवा म्हणाले. "तिसरा दिस तुजा. संध्याकाळी पाच ते सात. आन् त्या बॅशिल्डनच्या पोरांचं सांगायचं आसंल तर सांग, पर आदी अभंग."

सप्त्याच्या फळ्यावर खडूने नाव लिहिलं गेलं तेव्हा वेणूबाईंनी वसाहतीतल्या सगळ्या बायकांना ते जाऊन वाचायला लावलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. त्याखाली पहाऱ्यांची यादी होती. हौसेरावांचा पहारा दरवर्षी दुपारी एक ते तीन असायचा. या वर्षी तिथे दुसऱ्याचं नाव होतं. त्यांनी बोट ठेवून यादी खाली वाचत नेली. तिसरा दिवस, पाच ते सात, वीणा: हौसेराव जगदाळे. अक्षर बुवांचं होतं.

तिसऱ्या दिवशी शेड भरून माणसं रस्त्यापर्यंत बसली होती. पुढच्या रांगेत प्रणय होता, केस बांधून, कपाळाला बुक्का लावून, त्याच्या शेजारी न्हावा शेव्याहून सुट्टी काढून आलेले त्याचे बाबा रोहिदास. ज्ञानेश्वरी नऊवारी नेसून गादीवर उभी राहिली. रीत अशी, की विणेकऱ्याने पुढे व्हायचं, कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा आणि गादीवरच्या पायांवर डोकं ठेवायचं.

गळ्यात वीणा सांभाळत हौसेराव पुढे झाले. हार घातला. बुक्क्याचं बोट तिच्या कपाळाला टेकवलं. मग ते वाकले, आणि ज्ञानेश्वरीने झटकन पाय मागे घेतले.

"अण्णा, नको."

"पाय म्होरं घे," बाजूने सयाजीबुवांचा आवाज आला. "तितं तू त्याची पोरगी न्हाईस."

पाय पुढे आले. हौसेरावांनी घट्टा पडलेली मान खाली घातली आणि कपाळ त्या पायांवर ठेवलं. सारा जन्म त्या मानेने वजन पेललं होतं. आज तिच्यावर काहीच नव्हतं, आणि तरी ती लवकर उचलवेना.

ते उठले, दोन पावलं मागे जाऊन आपल्या जागी उभे राहिले आणि विणेची तार छेडली. तोच सूर, न ढळणारा. ज्ञानेश्वरीने डोळे मिटले, उघडले, आणि अभंगाचं पहिलं चरण लावलं. चरण संपताना तिचा उजवा हात वर गेला.

हौसेरावांचे दोन्ही हात विणेत गुंतले होते. म्हणून पहिली टाळी पडली ती प्रणयची. मात्रा किंचित पुढे गेली होती. पोपटने डोळे वटारून ती टाळाने सांभाळून घेतली. मग दोनशे जोडी हात एकदम पडले, आणि या खेपेला घंटा वाजवणारं कुणी नव्हतं.